काचेतल्या बाळाच्या तक्त्यावर एक रकाना वाढवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दरवर्षी १५ ते २१ नोव्हेंबर या काळात नवजात शिशू सप्ताह होतो. ऊब, स्तनपान, वजन, जंतुसंसर्ग यांवर त्या आठवड्यात भरपूर बोलले जाते आणि ते बोललेच पाहिजे. पण अतिदक्षता विभागात, म्हणजे आपल्याकडे ज्याला ‘काचेत ठेवलंय’ म्हणतात तिथे, बाळाला दिवसातून किती वेळा टोचतात आणि टोचताना त्याला कमी दुखावे म्हणून काय करतात, हा विषय भाषणांत येत नाही. बाळाच्या कागदांवरही तो क्वचितच दिसतो. सोलापूर शहर-जिल्ह्यातल्या प्रत्येक नवजात अतिदक्षता विभागाने, सरकारी असो वा खासगी, तापमान, नाडी, श्वास आणि ऑक्सिजनच्या शेजारी वेदनेचा रकाना सुरू करावा, अशी आमची मागणी आहे. त्याला यंत्र लागत नाही आणि नवी भरतीही लागत नाही.

टाचेला टोचून साखर बघणे, शिरेतून रक्त काढणे, सलाईनची सुई बसवणे, ती जागा सुजली की दुसरीकडे बसवणे, श्वासनळीतला कफ ओढणे, पोटात नळी घालणे, चिकटपट्टी उपटणे. यातले एकेक काम अर्ध्या मिनिटाचे, म्हणून ते ‘किरकोळ’ ठरते. पॅरिस परिसरातल्या अतिदक्षता विभागांत ४३० बाळांची पहिल्या १४ दिवसांची नोंद ठेवली गेली आणि २००८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. निम्म्या बाळांना दिवसाला १० किंवा त्याहून जास्त वेळा दुखणाऱ्या प्रक्रियांना तोंड द्यावे लागले होते, आणि अशा सुमारे ७९ टक्के प्रक्रियांच्या वेळी दुखणे कमी करण्याचा म्हणून कोणताही खास उपाय केलेला नव्हता. आपल्याकडच्या विभागांनी एकाच बाळाच्या चोवीस तासांची अशी मोजणी करून पाहावी.

‘एवढ्याशा जिवाला काय कळतंय’ ही समजूत फक्त घरातल्या वडीलधाऱ्यांची नाही. वैद्यकशास्त्रानेही ती अनेक दशके सांभाळली. १९८० च्या दशकापर्यंत पाश्चात्त्य देशांतल्या चांगल्या रुग्णालयांतही दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाची हृदयाजवळची शस्त्रक्रिया स्नायू लुळे करणारे औषध आणि नायट्रस ऑक्साइड हा सौम्य भुलीचा वायू एवढ्यावर उरकली जाई. बाळ हलत नसे, म्हणून त्याला दुखत नाही, असा हिशेब. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ऑक्सफर्डला गेलेले डॉ. कंवलजीत सिंग आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १६ बाळांचा अभ्यास मांडला. आठ बाळांना त्याच भुलीत फेंटानिल हे तीव्र वेदनाशामक जोडले होते, आठांना नव्हते. ज्यांना ते मिळाले नाही त्यांच्या रक्तातली तणावाची संप्रेरके जास्त चढली आणि शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंतही त्यांच्यातच जास्त झाली. त्यानंतर मोठ्या शस्त्रक्रियांचे चित्र बदलले. रोजच्या टोचण्याचे तितके बदललेले नाही.

वेदना वर नेणाऱ्या वाटा आईच्या पोटातच, सहाव्या महिन्याच्या सुमारास मेंदूपर्यंत पोहोचू लागतात. त्या वेदनेला आवर घालणारी, मेंदूकडून खाली येणारी यंत्रणा मात्र जन्मानंतरही बराच काळ कच्ची असते. त्यामुळे सातमाशी बाळाला पूर्ण दिवसांच्या बाळापेक्षा जास्तच दुखते, आणि एका टाचेला पुन्हा पुन्हा टोचले की तिथे नुसता स्पर्शही सोसवत नाही. टोचल्याक्षणी नाडी धावते, ऑक्सिजन उतरतो, रक्तदाब झटकन वर-खाली होतो. या बाळांच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या इतक्या नाजूक असतात की असे झटके त्यांना परवडत नाहीत. जास्त टोचल्या गेलेल्या मुदतपूर्व बाळांच्या मेंदूची वाढ मंद दिसते, असे पाठपुराव्याचे अभ्यास सांगतात. त्यात दुखण्याचा वाटा किती आणि मूळ आजाराचा किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. पण तेवढ्यासाठी थांबून राहण्याचे कारण नाही.

आता रकान्यात काय लिहायचे ते. पूर्ण दिवसांच्या बाळासाठी एनआयपीएस नावाची सोपी मोजणी आहे. चेहरा, श्वास, हात, पाय आणि जाग यांना प्रत्येकी ० किंवा १, रडण्याला ० ते २. बेरीज ७ पर्यंत जाते आणि ३ च्या वर गेली की उपाय करायचा. मुदतपूर्व बाळासाठी पीआयपीपी ही मोजणी जास्त योग्य. तिच्यात बाळ किती आठवड्यांचे आहे, जागे आहे की झोपेत, नाडी किती वाढली, ऑक्सिजन किती उतरला, कपाळ आक्रसले का, डोळे घट्ट मिटले का, नाकापासून ओठांपर्यंतची घडी खोल झाली का, हे पाहतात. बेरीज २१ पर्यंत जाते आणि १२ च्या वर म्हणजे मध्यम ते तीव्र वेदना. वयाचे गुण धरण्याचे कारण असे की फार लहान बाळ रडतच नाही. ते मलूल पडते, बोटे फाकवते, श्वास विसरते. श्वासनळीत नळी असलेल्या बाळाला तर आवाजच काढता येत नाही, कारण ती नळी स्वरतंतूंमधूनच जाते. ‘बाळ शांत आहे’ हे वाक्य तक्त्यावर लिहिण्याआधी त्याचा चेहरा बघावा.

या रकान्याचे जे होण्याची भीती आहे तेही सांगून टाकू. ड्यूटी संपताना सगळ्या ओळींत एकदम शून्य भरले जाईल. म्हणून नुसता आकडा पुरत नाही. आधीचा आकडा, काय केले आणि नंतरचा आकडा अशा तीन नोंदी एका ओळीत हव्यात. रोजच्या राउंडला मोठ्या डॉक्टरांनी त्यातली एक ओळ जरी मोठ्याने वाचली, तरी शून्ये भरण्याची सवय मोडते.

सगळ्यात चांगले वेदनाशामक म्हणजे न टोचलेली सुई. १ किलोच्या बाळाच्या अंगात साधारण ८० ते ९० मिली रक्त असते, म्हणजे दर मिलीला शंभरातला एकाहून अधिक भाग जातो. सकाळी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), दुपारी बिलिरुबिन (काविळीची तपासणी), संध्याकाळी सोडियम असे तीनदा टोचण्याऐवजी एकदाच घेता येते का, आणि या रिपोर्टवरून उपचार खरोखर बदलणार आहेत का, हे प्रश्न सुई उचलण्याआधी विचारावेत. पहिल्या काही दिवसांत नाळेतून नळी घातली असेल तर तिचा पूर्ण उपयोग करावा. नाळेला मज्जातंतू नसतात, त्यामुळे ती नळी घालताना नाळ दुखत नाही. दुखतो तो नाळेच्या कडेच्या कातडीत घातलेला टाका किंवा कातडीला लावलेला चिमटा. शीर सापडत नसेल तर एका व्यक्तीने दोनदाच प्रयत्न करावा आणि मग दुसऱ्या अनुभवी हाताला बोलवावे. हा नियम लेखी हवा. तोंडी असला की पहाटे चार वाजता तो कुणाला आठवत नाही.

टाचेबद्दल थोडे सविस्तर, कारण सर्वाधिक टोचणे तिथेच होते. जागा तळव्याच्या मागच्या भागातली आतली किंवा बाहेरची कड. मधोमध आणि टाचेच्या मागच्या टोकाला टोचायचे नाही, तिथे हाड जवळ असते आणि हाडात जंतुसंसर्ग होण्याचा धोका असतो. साधी इंजेक्शनची सुई वापरली तर ती किती खोल गेली हे कळत नाही. टाचेसाठीचे आपोआप मागे जाणारे लॅन्सेट, म्हणजे टोचायचे छोटे पाते, खोली ठरवून येते. त्याने एका टोचण्यात पुरेसे रक्त मिळते आणि पुन्हा टोचावे लागत नाही. महाग वाटते, पण साखर तपासायच्या वाया गेलेल्या पट्ट्या आणि पुन्हा कराव्या लागलेल्या चाचण्या मोजल्या तर फरक उरत नाही. स्पिरिट पूर्ण वाळू द्यावे, ओले असताना टोचले तर चरचरते आणि रिपोर्टही बिघडतो. टाच पिळू नये. पिळण्याचे दुखणे टोचण्याइतके, कधी त्याहून जास्त असते. शिवाय रक्तपेशी फुटून पोटॅशियम खोटेच वाढलेले येते, डॉक्टर घाबरतात आणि खात्री करायला पुन्हा टोचतात. रक्त जास्त लागणार असेल आणि बाळ पूर्ण दिवसांचे असेल, तर सरावलेल्या हाताने शिरेतून घेतलेले रक्त टाचेपेक्षा कमी दुखवते. आपल्याकडचा सर्वसाधारण समज नेमका उलटा आहे.

गोड थेंबाचा उपाय बहुतेकांना ऐकून माहीत असतो. तो नीट केलेला मात्र कमी वेळा दिसतो. २४ टक्के सुक्रोजचे (साध्या साखरेचे) द्रावण जिभेच्या पुढच्या भागावर थेंब थेंब द्यायचे, दोन मिनिटे थांबायचे आणि मग टोचायचे. मुदतपूर्व बाळाला ०.१ ते ०.५ मिली पुरते, पूर्ण दिवसांच्या बाळाला १ ते २ मिली. परिणाम काही मिनिटेच टिकतो, काम लांबले तर थोडे थोडे पुन्हा द्यायचे. सोबत चोखायला स्वच्छ बोट किंवा चोखणी असली तर गुण वाढतो. तयार सुक्रोज नसेल तिथे २५ टक्के डेक्स्ट्रोजचे (ग्लुकोजचे) अँप्यूल, म्हणजे काचेची कुपी, असतेच, तेही तोंडावाटे याच पद्धतीने चालते. ५ किंवा १० टक्क्यांच्या बाटलीतले डेक्स्ट्रोज मात्र नको, तेवढ्या गोडीने काम होत नाही.

चुकते कुठे? घाईत दोन मिनिटे गिळली जातात, हे पहिले. थेंब दिला आणि लगेच टोचले तर दिल्यासारखे काहीच होत नाही. दुसरे, पोटातल्या नळीतून दिले जाते. गोडी जिभेला लागली तरच शरीराची स्वतःची वेदनाशामक रसायने सुटतात, पोटात थेट गेलेल्या साखरेचा वेदनेवर उपयोग नाही. तिसरे, फोडलेले अँप्यूल दिवसभर वॉर्मरच्या (बाळाला ऊब देणाऱ्या यंत्राच्या) कडेला उघडे राहते आणि जंतूंना घर मिळते. चौथे, १ किलोच्या बाळाच्या तोंडात सगळे एकदम ओतले जाते आणि ठसका लागून ऑक्सिजन उतरतो. आणखी एक बारीक गोष्ट म्हणजे डेक्स्ट्रोजचा चिकट हात टाचेला लागला तर ग्लुकोमीटर साखर भलतीच जास्त दाखवतो आणि खरी कमी असलेली साखर नजरेतून सुटते. म्हणून देणारा हात आणि टोचणारा हात वेगळा हवा.

या उपायाची मर्यादाही सांगायला हवी. २०१० मध्ये लंडनमध्ये झालेल्या अभ्यासात सुक्रोज दिलेल्या बाळांचे चेहरे शांत दिसले, पण मेंदूतला वेदनेचा विद्युत प्रतिसाद कमी झालेला आढळला नाही. ३१ आठवड्यांच्या आतल्या बाळांना पहिल्या आठवड्यात दिवसाला दहापेक्षा जास्त वेळा दिल्यास पुढच्या तपासण्यांत विकासाचे गुण कमी दिसले, असेही नोंदले गेले आहे. तेव्हा गोड थेंब हा वारंवार टोचण्याचा परवाना समजू नये. पोट फुगलेल्या, आतड्याच्या आजाराची शंका असलेल्या किंवा गिळता न येणाऱ्या बाळाला तो डॉक्टरांना विचारूनच द्यावा.

हे वाचून कुणी घरी बाळाला साखरपाणी, मध किंवा गुटी चाटवायला सुरुवात करू नये, अशी हात जोडून विनंती. मधाने तान्ह्या बाळाला बोट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार होऊ शकतो. घरी सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचे दूध. लस टोचताना अंगावर पाजत राहावे, तोच घरचा वेदनाशामक उपाय.

आईचे दूध वाटीत काढून दोन थेंब जिभेवर दिले तर थोडा फरक पडतो. बाळ अंगावर पीत असताना टाच टोचली तर बराच जास्त पडतो. पिऊ शकत नसलेल्या बाळासाठी कांगारू पद्धत आहे. बाळ फक्त टोपी आणि लंगोटात, आईच्या उघड्या छातीवर उभे, टोचण्याच्या किमान १० ते १५ मिनिटे आधीपासून आणि नंतरही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कमी वजनाच्या बाळांसाठी ही पद्धत दिवसाला ८ ते २४ तास सुचवली आहे. म्हणजे आई विभागात असणे अपेक्षितच आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांतही आई-वडिलांना बाळाच्या देखभालीत सामील करून घ्या, असे आहे. तरीही पुष्कळ ठिकाणी टोचायची वेळ आली की आईला ‘बाहेर थांबा’ सांगतात. यात घरच्यांचाही वाटा आहे. बाळंतिणीने सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही म्हणून आई माहेरी खोलीत आणि बाळ सोलापुरात काचेत, हे तालुक्याकडच्या घरांत अजून चालते. आई येऊ शकत नसेल तर वडिलांनी यावे, त्यांच्या छातीवरही बाळ जवळपास तितकेच शांत होते. हात कोपरापर्यंत धुतलेले, अंगठी-घड्याळ काढलेले, सर्दी-खोकला नसलेला, बस्स.

छातीवर घेता येत नसेल तेव्हा दोन्ही तळहातांनी धरणे हा उपाय आहे. एक हात डोक्याला टोपीसारखा, दुसऱ्याने गुडघे पोटाशी दुमडून धरलेले, बाळाचे हात तोंडाजवळ. थोपटायचे नाही, चोळायचे नाही, नुसते स्थिर धरायचे. हात कोमट हवेत. हे काम नर्सने एकटीने टोचता-टोचता जमत नाही, म्हणूनही आई हवी. एरवी बाळाभोवती टॉवेलची वळकटी करून घरटे करावे, म्हणजे हातपाय मोकळे भिरभिरत नाहीत. सोलापुरात टॉवेलला तोटा नाही. फक्त नवा कोरा खरखरीत नको, दोन-तीनदा धुऊन उन्हात वाळवलेला हवा. जुन्या सुती लुगड्याचा धडपा त्याहून मऊ.

चिकटपट्टीकडे कुणी वेदना म्हणून पाहत नाही. सातमाशी बाळाची कातडी पट्टीबरोबर निघून येते. पट्टी कमीत कमी लावावी, काढताना लिक्विड पॅराफिन किंवा कोमट पाण्याने भिजवून, कातडी धरून, आडवी सावकाश सोडवावी. सुईचे टोक पट्टीखाली झाकू नये. तिथे सूज आली की दर तासाला बघणाऱ्यालाही ती दिसत नाही आणि कॅल्शियमसारखे औषध बाहेर झिरपले तर कातडी जळते.

३४ आठवड्यांच्या आत किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मानंतर ३० दिवसांच्या आत होणे आवश्यक आहे, आणि ती चुकवू नये. पण पापण्या ताणून धरणारा चिमटा फार दुखतो. डोळा बधिर करणारे प्रोपॅराकेनचे थेंब, दुपट्यात गुंडाळणे, गोड थेंब आणि जवळ धरणारे कुणीतरी, हे सगळे एकत्र हवे.

औषधांबद्दल थोडक्यात. टाच टोचण्यासाठी पॅरासिटामॉल उपयोगाचे नाही, शस्त्रक्रियेनंतर ते मदत करते. व्हेंटिलेटरवरच्या प्रत्येक बाळाला सरसकट मॉर्फिन चालू ठेवू नये, त्याने मोठ्या अभ्यासांत फायदा दिसलेला नाही. मिडॅझोलामने झोप येते, वेदना थांबत नाही, आणि मुदतपूर्व बाळांत ते टाळलेले बरे. तातडी नसताना श्वासनळीत नळी घालण्याआधी आणि छातीत नळी घालताना मात्र वेदनाशामक दिलेच पाहिजे. फेंटानिल जोरात ढकलले तर छाती ताठ होऊन श्वास देता येत नाही, म्हणून ते सावकाश द्यायचे. त्याच्या १ मिलीत ५० मायक्रोग्रॅम असतात आणि १ किलोच्या बाळाला लागतात १-२, म्हणजे सिरिंजवर न दिसणारा थेंब. १ मिलीत ९ मिली सलाईन मिसळले की १ मिलीत ५ मायक्रोग्रॅम होतात आणि १ मायक्रोग्रॅम म्हणजे ०.२ मिली मोजता येते. हा हिशेब कपाटावर चिकटवलेला असावा आणि दोघांनी तपासावा, दहापट चूक इथेच होते. लहान रुग्णालये परवान्याच्या कटकटीमुळे मॉर्फिन-फेंटानिलसारखी औषधे ठेवतच नाहीत. अमली पदार्थ कायद्याच्या २०१४ च्या दुरुस्तीनंतर राज्याच्या औषध प्रशासनाची मान्यता घेऊन ती ठेवण्याचा मार्ग सोपा झाला आहे, तो वापरावा.

तालुक्याहून सोलापूरला पाठवताना रिपोर्टच्या प्रती बाळाबरोबर पाठवाव्यात आणि किती वेळा, कुठे टोचले ते चिठ्ठीत लिहावे. कागद आला नाही म्हणून त्याच दिवशी तीच चाचणी पुन्हा होते. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढे जातो तेव्हा दूध कमी पडलेली बाळे सुकून, तापाने फणफणत येतात. रक्तातले सोडियम वाढलेले असते, ते हळूहळूच उतरवावे लागते, म्हणून दर काही तासांनी रक्त तपासावे लागते, आणि सुकलेल्या बाळाची शीर सापडत नाही. घरी गेल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी बाळाचे वजन करून, दिवसात सहा वेळा लघवी होते का हे बघितले, तर यातली पुष्कळ टोचणी वाचतात. आशाताईंनी भेटीत हे आवर्जून विचारावे.

रुग्णालयांच्या खरेदी समित्यांकडे मागणी एवढीच: टाचेचे लॅन्सेट, १ मिलीच्या सिरिंज आणि सुक्रोजच्या एकदाच वापरायच्या कुप्या नियमित यादीत घ्याव्यात. आणि आई-वडिलांना द्यायचे माहितीचे पान मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दूतही छापावे, कारण सोलापुरात काचेबाहेर बसलेल्या सगळ्याच आयांना मराठी वाचता येते असे नाही.

आपले,
नवजात शिशू विभागात काम करणारे डॉक्टर व परिचारिका
सोलापूर
(नावे प्रसिद्ध करू नयेत)